‘पुरे’ कोण म्हणतं? जाडी, जनुकं आणि आपलं ताट

आमच्याकडे गणपतीत उकडीचे मोदक झाले की आई दोनवर थांबायची. तिसरा वाढायला गेलं की ताटावर आडवा हात धरून म्हणायची, "नको गं, आता घास फिरतो." तिच्या शेजारी बसलेली तिची सख्खी बहीण, माझी मावशी, तोवर चौथा मोदक फोडून त्यात तूप सोडत असायची. मग कुणीतरी म्हणायचंच, "अगं, पुरे आता, जरा जिभेला आवर." मावशी हसण्यावारी न्यायची. एकदाच, दुपारी भांडी विसळताना, ती मला म्हणाली, "तुझ्या आईला पोट भरलेलं कळतं. मला ते कळतच नाही बघ. ताट संपलं की थांबायचं, एवढंच मला ठाऊक."

मार्च २०२५मध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून मावशीचं ते वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवतं. ही इंजेक्शनं घेणारे अनेकजण सांगतात की डोक्यात सारखा घोळणारा खाण्याचा विचार थांबला, थोडक्यात पोट भरल्यासारखं वाटू लागलं. आतड्यातून निघणाऱ्या संदेशाची ही औषधं नक्कल करतात आणि त्यांचा मोठा परिणाम मेंदूवर होतो. औषध घेतल्यावर ‘पुरे’ ऐकू येत असेल, तर आधी ते का ऐकू येत नव्हतं? या प्रश्नाचा माग काढत गेलं की वाट जनुकांपाशी येते.

आधी जनुक म्हणजे काय ते पाहू

शरीर कसं घडवायचं आणि कसं चालवायचं, याच्या पाककृतींची एक जाडजूड वही आपल्या प्रत्येक पेशीत असते. तो डीएनए. त्यातली एकेक पाककृती म्हणजे जनुक. वहीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पिढ्यान्‌पिढ्या नकलून घेताना कुठेकुठे अक्षर बदलतं. आजीच्या वहीत ‘गूळ एक वाटी’ असतं आणि आत्याच्या वहीत ‘गूळ सव्वा वाटी’ होतं. पदार्थ तोच, चव जराशी वेगळी. अशा बदललेल्या अक्षराला आपण जनुकाचं ‘रूप’ म्हणू.

बहुतेक रूपांनी एवढाच, चिमूटभर फरक पडतो. पण क्वचित एखाद्याच्या दोन्ही प्रतींतलं तेच पान फाटलेलं असतं आणि तो पदार्थ शरीराला करताच येत नाही. जाडीच्या बाबतीत दोन्ही प्रकार आहेत. त्यातल्या फाटलेल्या पानांनी आपल्याला सगळ्यांत जास्त शिकवलं.

टाकीतला बॉल

गच्चीवरच्या टाकीत एक बॉल असतो. पाणी चढलं की तो वर येतो आणि नळ बंद होतो. बॉल अडकला तर टाकी भरून वाहू लागते, तरी पाणी येतच राहतं. त्यात पाण्याचा दोष नसतो.

आपल्या शरीरातला हा बॉल १९९४ साली सापडला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने एका अतिलठ्ठ उंदराच्या वाणावर काम करताना लेप्टिनचं जनुक शोधलं. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून निघणारं संप्रेरक. ते रक्तातून मेंदूत जातं आणि ‘कोठारात साठा आहे’ असं कळवतं. तोवर चरबीला आपण नुसतं कोठार समजत होतो. ते कोठार रोज मेंदूला हिशेब पाठवतं, हे तेव्हा कळलं.

१९९७मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत-मावस नात्यातल्या मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली ही मुलं. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. जन्माच्या वेळी दोघांची वजनं सर्वसाधारण होती. पण दोघांनाही न शमणारी भूक होती, जेवण झाल्यावरही. तपासलं तेव्हा दोघांच्या लेप्टिनच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. शरीरात चरबी एवढी, आणि मेंदूला मात्र ‘कोठार रिकामं’ हीच खबर. मग मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं. तिची भूक ताळ्यावर आली आणि वर्षभरात वजन १६ किलोंहून अधिक उतरलं. तिला कुणी उपदेश केला नव्हता, शिस्त लावली नव्हती. शरीरात नसलेला एक पदार्थ बाहेरून दिला, एवढंच.

असे रुग्ण जगात फारच थोडे आहेत. तरी या मुलीच्या ताटाने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. भूक हा स्वभाव नाही, ती शरीरातली यंत्रणा आहे, आणि यंत्रणा बिघडू शकते.

कोर्म्याच्या तीन वाट्या

लेप्टिनचा निरोप मेंदूत तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात पोचतो. तिथे तो पुढे नेणाऱ्या साखळीत एमसी४आर नावाच्या जनुकाने बनलेली एक खुंटी असते. ‘पुरे’चा निरोप त्या खुंटीला लागतो. जाड माणसांपैकी साधारण शंभरात एकाच्या या जनुकात मोठा बिघाड असतो. असा बिघाड असलेली माणसं जास्त खातात हे ठाऊक होतं. पण जास्त म्हणजे काय? सगळंच जास्त, की एखादी विशिष्ट गोष्ट?

२०१६मध्ये केंब्रिजच्याच सदफ फारूकी यांच्या गटाने याची तपासणी केली, तीही चिकन कोर्मा शिजवून. तीन कोर्मे केले. दिसायला सारखे, चवीला सारखे, पण एकात स्निग्ध पदार्थांचा वाटा कमी, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात भरपूर. एकूण ५४ माणसं बोलावली: २० सडपातळ, २० जाड, आणि १४ एमसी४आर बिघडलेली. आधी प्रत्येकाला तिन्हींची चव दिली, मग म्हटलं, आता हवं तेवढं जेवा.

तिन्ही गटांनी एकूण खाल्लेलं अन्न जवळजवळ सारखंच निघालं. पण एमसी४आर बिघडलेल्यांनी सर्वांत स्निग्ध कोर्मा सडपातळ माणसांच्या जवळपास दुप्पट खाल्ला, आणि इतर जाड माणसांपेक्षाही ६५ टक्के जास्त. जिभेला फरक कळू नये अशी व्यवस्था होती, तरीही मेंदू तूप कुठल्या वाटीत आहे ते ओळखत होता. नंतर स्ट्रॉबेरी आणि क्रीमचा एक गोड पदार्थ कमी-जास्त साखर घालून दिला. इथे उलटं झालं. बाकीच्यांना सर्वांत गोड वाटी जास्त आवडली, या १४ जणांना मात्र ती कमी आवडली आणि त्यांनी गोड खाल्लंही कमी.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. ‘आवड’ म्हणजे शुद्ध वैयक्तिक गोष्ट असं आपण समजतो. इथे एकाच जनुकातल्या बिघाडाने तुपाची ओढ वाढली आणि साखरेची कमी झाली. उपाशी दिवस काढावे लागलेल्या प्राण्याला चरबीचा साठा जास्त उपयोगी, कारण एका ग्रॅममागे तिच्यात साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. आपण उपाशी आहोत असं समजणारा मेंदू तुपाकडे वळतो, ते यामुळेच असावं.

पण हे शंभरातल्या एकाचं झालं. मावशीचं काय?

मावशीसारख्या बहुतेकांच्या वहीत पान फाटलेलं नसतं. असतात ती चिमूटभर फरकाची रूपं, आणि तीही शेकड्यांनी. त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं एफटीओ या जनुकातलं. २००७मध्ये ब्रिटिश संशोधक मधुमेहाची जनुकं शोधत होते. ३८ हजारांहून अधिक लोकांची माहिती पाहताना हे रूप वजनाशी जोडलेलं निघालं. युरोपीय वंशाच्या प्रौढांपैकी सुमारे १६ टक्क्यांच्या दोन्ही प्रतींत ते असतं, आणि एकाही प्रतीत नसलेल्यांपेक्षा त्यांचं वजन सरासरी ३ किलोंनी जास्त असतं.

तीन किलो म्हणजे फार नाही. पण ते येतात कुठून? २००८मध्ये स्कॉटलंडमधल्या मुलांना जेवायला बसवून मोजमाप केलं तेव्हा हे रूप असलेल्या मुलांनी अन्न वजनाने तेवढंच खाल्लं होतं, पण त्यांनी निवडलेल्या पदार्थांत ऊर्जा ठासून भरलेली होती. शरीराचा ऊर्जेचा खर्च मात्र इतरांएवढाच होता. पुढे २०१३मध्ये लंडनमध्ये सारख्याच वजनाच्या पुरुषांची तुलना केली. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जेवल्यावर उतरतं. हे रूप दोन्ही प्रतींत असलेल्यांचं ते पुरेसं उतरत नव्हतं, म्हणजे जेवण होऊनही भूक रेंगाळत होती. मावशीचं वाक्य मला इथे पुन्हा ऐकू आलं.

प्रौढांच्या रोजच्या खाण्याबद्दल अमेरिकेतली एक पाहणी २०१२मध्ये प्रसिद्ध झाली. वजन जास्त आणि टाइप २ मधुमेह असलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांनी आपण काय खातो ते लिहून दिलं होतं. एफटीओचं हे रूप असलेले दिवसातून जास्त वेळा खात होते आणि त्यांच्या खाण्यात स्निग्ध व गोड जास्त होतं. बीडीएनएफ नावाच्या दुसऱ्या एका जनुकाचं रूप असलेल्यांच्या ताटात दूधदुभतं, मांस, अंडी, दाणे, कडधान्यं यांचा वाटा जास्त निघाला. या पाहण्यांत आकडे लहान असतात: दिवसाकाठी एखाद्या पोळीएवढा फरक. पण रोजची एक पोळी वीस वर्षं जास्त जात राहिली, तर ती अंगाला लागतेच.

आता एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. लोकांनी स्वतः लिहून दिलेल्या खाण्यावर किती विसंबायचं? २०१४मध्ये १,७७,३३० जणांची माहिती एकत्र केली तेव्हा हे रूप असलेल्यांच्या खाण्यात प्रथिनांचा वाटा किंचित जास्त आढळला, पण त्यांनी सांगितलेलं एकूण खाणं उलट थोडं कमीच भरलं. ज्याला आयुष्यभर खाण्यावरून बोलणी बसली आहेत तो ताटातलं सगळं कागदावर लिहील, अशी अपेक्षा मी तरी धरणार नाही. म्हणून माझ्या लेखी कोर्म्याच्या वाट्यांचं वजन प्रश्नावलीपेक्षा जास्त.

शिवाय एफटीओची गोष्ट खाण्यापुरतीच नाही. जिन्याखालचं बटण दाबावं आणि दिवा वरच्या मजल्यावर लागावा, तसं झालं आहे. हे रूप एफटीओच्या हद्दीत बसून बरंच दूर असलेल्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांना चालू-बंद करतं. ती चरबीच्या पेशीने ऊर्जा जाळायची की साठवायची यावर परिणाम करतात, हे २०१५मध्ये बोस्टनच्या परिसरातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणजे ‘ह्याच्या अंगाला लागत नाही, तिच्या लागतं’ या आपल्या जुन्या बोलण्यातही तथ्य आहे.

"घरातलं वळणच तसं असतं हो!"

आई-वडील जाड, मुलं जाड, मग ते घरचं तूप-साखरेचं वळण कशावरून नाही? शंका रास्त आहे. तिचं उत्तर दत्तक मुलांनी दिलं. डेन्मार्कमध्ये दत्तकविधानाच्या नोंदी काटेकोर ठेवलेल्या आहेत. तिथल्या ५४० प्रौढ दत्तकांचा अभ्यास १९८६मध्ये आला. त्यांची जाडी-बारीकी जन्मदात्या आई-वडिलांशी जुळत होती. ज्यांच्या घरी वाढले, ज्यांच्या हातचं जेवले, त्यांच्याशी नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकापैकी साधारण ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिक धरला जातो. याचा अर्थ तुमच्या ८० किलोंपैकी ४० किलो आजोबांनी दिले असा नाही. एकाच प्रकारच्या परिस्थितीत राहणारी माणसं एकमेकांपेक्षा वेगळी का दिसतात, त्या फरकाबद्दल हा आकडा बोलतो.

"मग आजीच्या काळी कुठे गेली होती ही जनुकं?"

होतीच. जमिनीत बी पडून असतं, पाऊस आला की उगवतं, तसं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८पासून लोकांच्या प्रकृतीच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या जात आहेत. त्या चाळल्या तेव्हा असं निघालं की १९४२च्या आधी जन्मलेल्यांत एफटीओच्या रूपाचा वजनाशी काही संबंधच दिसत नाही. त्यानंतर जन्मलेल्यांत तो दिसतो. जनुक तेच, आजूबाजूचं जग बदललं: अंगमेहनत कमी झाली, अन्न स्वस्त झालं आणि हाताशी आलं.

आपल्याकडे हा पाऊस आता पडतो आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष वजनदार किंवा लठ्ठ या गटात आले. ज्या आजीने डोक्यावरून पाणी वाहिलं, सणालाच पुरणपोळी पाहिली, तिच्या वहीतही हे अक्षर असू शकेल. ते वाचलं जाण्याची वेळच तिच्यावर आली नाही.

"ही सगळी न आवरणाऱ्यांची निमित्तं"

हा आक्षेप मला सर्वांत जास्त टोचतो, म्हणून इथे जरा थांबते.

लॅब्राडॉर पाळणाऱ्या कुणालाही विचारा, कुत्रं जेवून उठलं तरी पोळीच्या डब्याखाली बसून राहतं. २०१६मध्ये केंब्रिजमध्ये ३१० लॅब्राडॉर तपासले. जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत पीओएमसी या जनुकाचा तुकडा गळालेला होता. हे जनुक त्याच ‘पुरे’च्या साखळीतलं, एमसी४आरच्या आधीची कडी. असं जनुक एका प्रतीत असलं की कुत्र्याचं वजन सरासरी २ किलोंनी वाढतं, आणि ते खाण्यासाठी जास्त मागे लागतं. २०२४मध्ये त्याच गटाने पोट भरलेल्या कुत्र्यांसमोर पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवलं. बदल असलेली कुत्री डबा उघडायला कितीतरी जास्त धडपडली. पोटभर खायला घातलं तेव्हा मात्र ती इतरांपेक्षा जास्त खात नव्हती. त्यांना दोन जेवणांच्या मधे जास्त भूक लागत होती, आणि आराम करताना त्यांचं शरीर सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करत होतं.

कुत्र्याला आपण मनाचा कच्चा म्हणत नाही. त्याच साखळीतली कडी सैल असलेल्या माणसाला मात्र पंगतीत सर्वांदेखत म्हणतो. आईला मोदक नाकारताना निग्रह करावा लागतच नव्हता, तिचा घासच फिरायचा. मावशीने एखादा नाकारला असेल तर तो निव्वळ निग्रह होता, आणि तो कुणाच्या नजरेत आला नाही.

"मग पथ्य कशाला करायचं?"

याचं उत्तर दिलासा देणारं आहे. एफटीओचं रूप असलेल्यांचं वजन आहार, व्यायाम किंवा औषधांनी कमी उतरतं का, हे पाहण्यासाठी ८ चाचण्यांतल्या ९,५०० हून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली. २०१६मधल्या या निष्कर्षानुसार काहीही फरक नाही. त्यांचं वजन इतरांइतकंच उतरतं. २०११मध्ये दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून दिसलं की हालचाल करणाऱ्यांत या रूपाचा जाडीवरचा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी असतो. उतार जास्त आहे, पण रस्ता बंद नाही.

‘तुमचं जनुक तपासून तुमचा आहार ठरवून देतो’ अशा जाहिराती हल्ली फोनवर येतात. त्यावर पैसे घालवू नका असं मी म्हणेन. अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ प्रौढांना वर्षभर कमी स्निग्ध किंवा कमी पिष्टमय आहारावर ठेवलं आणि कुणाच्या जनुकांना कुठला आहार ‘शोभतो’ ते आधी ताडून पाहिलं होतं. २०१८मध्ये निकाल आला: जनुकांवरून काहीच सांगता आलं नाही. तपासणी खरोखर हवी ती वेगळ्या ठिकाणी. मूल पाच वर्षांच्या आतच झपाट्याने जाड होत असेल आणि त्याची भूक शमतच नसेल, तर त्याला ‘खादाड’ म्हणत बसू नका. मुलांच्या संप्रेरकांच्या डॉक्टरांना दाखवा. पीओएमसीसारख्या काही दुर्मीळ बिघाडांवर सेटमेलॅनोटाइड हे औषध अमेरिकेत २०२०मध्ये मंजूर झालं आहे.

बाकी आपण सगळ्यांनी कोर्म्याचा धडा घ्यावा. रश्शात किती तेल आहे हे जिभेला कळत नाही. ते फोडणीच्या वेळी, चमच्यानेच ठरतं. स्वयंपाक करणाऱ्याने कमी तेल घातलं तर जेवणाऱ्याला वेगळा निग्रह करावा लागत नाही, मग त्याच्या वहीत अक्षर कुठलंही असो.

आणि आपल्या अंगाचं काय?

वरचे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवरचे आहेत. आपल्याकडची गोष्ट थोडी निराळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच: २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपण काट्यावर बारीक आणि आत जाड असू शकतो. याज्ञिकांच्या गटाने २००९मध्ये पुण्याच्या मधुमेहींमध्येही एफटीओ तपासलं. मधुमेहाशी संबंध सापडला, पण तो युरोपातल्यासारखा वाढलेल्या वजनाच्याच वाटेने जात नव्हता. म्हणून आपल्याकडे नुसत्या वजनकाट्यावर समाधान मानू नये, कंबरेचा घेर आणि साखर मोजावी. जो बारीक दिसतो त्यानेही.

मावशी आता ७१ वर्षांची आहे. गेल्या गणपतीत तिच्या सुनेने मोदकाचं पातेलं जेवणाच्या टेबलावर आणलंच नाही. ताटं स्वयंपाकघरातून वाढून आली, प्रत्येकी दोन मोदक, वर तुपाची धार. ज्याला आणखी हवे त्याने उठून आत जायचं. मावशी एकदा गेली, एक मोदक घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसून सावकाश खाल्ला. कुणी मोजत नव्हतं.